अक्का, माळावर तुम्ही काय करत होतात?

अक्का, हा प्रश्न मी तुम्हाला कितीदा तरी विचारला आणि प्रत्येक वेळी तुम्ही वेगळं उत्तर दिलंत. एकदा म्हणालात, हवा खाते. एकदा म्हणालात, गवत बघते. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणालात, "मास्तरीण हायस म्हणून समद्यांचीच परीक्षा घेतीस व्हय?" तरी प्रश्न काही गेला नाही. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी. एखादी गोष्ट घडली आणि ती कशानं घडली हे कळलं नाही, तर मला चैन पडत नाही. आणि इथं घडलेली गोष्ट साधी नव्हती. माझं जगणं थांबलं होतं, ते तुमच्याबरोबर त्या माळावर जाता जाता पुन्हा सुरू झालं. तिथं नेमकं काय होतं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

आता तुम्ही नाही. तुम्हाला माती देऊन आम्ही परतलो, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि परवा मला उत्तर मिळालं. पूर्ण नाही, पण बरंचसं. तुम्हाला ते आवडेल की राग येईल, कोण जाणे.

मल्लिनाथ गेले तेव्हा उन्हाळा नुकता लागत होता. तुमचा धाकटा भाऊ, माझा नवरा. सोलापुरातल्या दुकानाचं शटर वर करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. आदल्या दिवशी छातीत दुखत होतं, हे दुकानातल्या माणसाला माहीत होतं. मला नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. लोक येत होते, हात धरत होते, जात होते. मी रडले नाही. सगळे म्हणाले, रडू दे हिला. जणू मी नको म्हणत होते. आमची लेक अमृता पुण्याहून येऊन राहिली, पण तिची नोकरी, ती किती राहणार. डॉक्टरांनी झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन मी पलंगावर बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. शाळेला रजा टाकली होती. कुणी काही विचारलं तर प्रश्न ऐकू यायचा, पण तो मला विचारलाय हे कळायला वेळ लागायचा.

मग तुम्ही होटगीहून आलात. पिशवी खाली ठेवली, माझ्या शेजारी बसलात, तुम्हीही थोडा वेळ भिंतीकडे बघितलंत.

"चल," म्हणालात.

"कुठं?"

"होटगीला. हितं भिंतीकडं बघत बसायचं ते तितं बस की. भिंत तितं बी हाय."

मी उठले. का उठले, सांगता येत नाही. बहुतेक वाद घालायची ताकद नव्हती म्हणून.

तुमचं घर स्टेशनाच्या मागच्या अंगाला, पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. तुमचे यजमान गेल्यापासून तुम्ही ती एकटीनं चालवत होतात. भुवयांवर कायम पीठ. पण मी आल्यावर तुम्ही सकाळची गिरणी बंद केलीत आणि दुपारची चालू ठेवलीत. गिऱ्हाइकं कुरकुरली. "सकाळचं मला काम हाय," एवढंच तुम्ही त्यांना सांगायचात. काम म्हणजे मी होते, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आणि निम्मं काम मी नव्हतेच, हे तर परवाच.

उजाडता उजाडता तुम्ही माझ्या चपला दारात सरळ करून ठेवायचात. रूळ ओलांडायचे, ज्वारी काढलेल्या रानातून बांधाबांधानं जायचं, आणि मग माळ. लोक मनाला बरं वाटावं म्हणून महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात. तुम्ही मला जिथं नेलंत तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. मुरूम, वाळलेलं कुसळी गवत, चार बाभळी, मधूनमधून पिवळ्या फुलांचं तरवड. आभाळ मात्र मोजदाद नसलेलं. एका बाभळीखाली तुम्ही मला बसवायचात, पाण्याची बाटली आणि सकाळची गोळी हातात द्यायचात, आणि म्हणायचात, "तू हितं बस. मी आले." मग पलीकडच्या टेकाडावर चढून त्याच्या मागच्या उतारावर दिसेनाशा व्हायचात. कधी वाऱ्यानं उडालेलं पदराचं टोक तेवढं दिसायचं. बऱ्याच वेळानं परत यायचात, डोळे लाल, चेहरा शांत. मला वाटायचं धूळ गेली असेल.

पहिले काही दिवस मी बाभळीखाली बसूनही भिंतीकडेच बघत होते. मग एकदा घरी आल्यावर बघितलं, साडीला काठभर कुसळं चिकटली होती. टोचत होती. ती एकेक करून उपटत मी ओट्यावर बसले. कुसळ उलट्या बाजूनं ओढलं तर निघत नाही, आत सरकतं. सरळ बाजूनं हलकेच ओढलं की सुटतं. बराच वेळ मी तेच करत होते आणि मान वर केली तर तुम्ही दारात उभ्या राहून बघत होतात. दुसऱ्या दिवशी मला नेसायला मुद्दाम जुनी, जास्त खरखरीत साडी दिलीत. मी तेव्हा विचारलं नाही, पण अक्का, ते मुद्दामच होतं ना?

आणि टिटवी. तुम्ही टेकाडावरून उतरत होतात, आणि एकाएकी ती ओरडत तुमच्या डोक्यावर झेपावली. तुम्ही दोन्ही हात डोक्यावर धरून पळालात. ती पुन्हा वळून आली. तुम्ही कानडीत तिला काहीतरी सुनावलंत, ती आणखी चिडली. माझ्या तोंडातून एक आवाज निघाला. मला आधी कळलंच नाही तो कसला. मी हसत होते. मग आपण दोघी लांबून वाकून शोधत राहिलो आणि खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी तिची अंडी सापडली. मी म्हणाले, "आता उन्हं किती तापतील. ही अंडी उकडून कशी जात नाहीत?"

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "इचार की," म्हणालात. "आजून इचार."

मल्लिनाथ गेल्यापासून मी कुणाला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. पुढे आपण रोज तिच्यावर पाळत ठेवली. भर उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहायची. डबक्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी त्यांच्यावर बसायची. मी वर्गात पक्ष्यांचा धडा इतकी वर्षं शिकवला, पण हे मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर डोळे मिटले की दुकानाच्या अर्ध्या शटरऐवजी कधीकधी ती टिटवी दिसायला लागली. कधीकधीच. पण तेवढंही पुष्कळ होतं.

मला झोप लागायला लागली तेव्हा आपला वाद सुरू झाला. मी म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. तुम्ही म्हणालात, माळ लागू पडला.

"दोन्ही एकदम केलं तर कशानं झालं हे कळणार कसं, अक्का? एक काहीतरी बंद करून बघायला पाहिजे."

"कशाला बंद करतीस? भाजीला मीठ बी घातलं, तिखट बी घातलं. चव आली न्हवं? खा की गप."

"पण मला कळायला पाहिजे."

"कळंल गं. आदी बरं तर वाटू दे."

गोळ्यांची वेळ तुम्ही एकदाही चुकवू दिली नाहीत, हे मी सगळ्यांना सांगते. माळावर गेलं की औषध लागत नाही असं म्हणणारी माणसं भेटतात. तुम्ही त्यातल्या नव्हतात. तुम्हाला दोन्ही चालत होतं. तिढा माझाच होता.

तुमचा तिढा दुसरा होता. तो मला हळूहळू दिसत गेला. तुमच्या घरात अंघोळ झाली की कपाळाला विभूती, मग गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि त्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते. नातेपुत्याकडची मी, आमच्या माहेरी ही पद्धत नाही. मला त्याचं कुतूहल होतं. तळहातावरच्या एवढ्याशा लिंगाकडे इतका वेळ टक लावून बघताना माणसाला काय दिसत असेल? पण होटगीत आल्यावर लक्षात आलं, तुमचं कपाळ कोरडं होतं. पूजा बंद होती. मी विचारलं तेव्हा तुम्ही चूल फुंकत होतात. तशाच फुंकत म्हणालात, "हातावर घेतलं की मल्ल्याचं तोंड दिसतंय. मग देवाला काय सांगू? सरक म्हनू?"

देवावर रुसणं म्हणतात ते हे का, असं मला वाटलं. मी देव मानते की नाही हे मलाच ठाऊक नाही, म्हणून त्यात पडले नाही. तुम्ही रोज टेकाडामागे जात राहिलात. मी रोज बाभळीखाली बसत राहिले. आणि पाऊस सुरू होऊन माळावर हिरवी लव फुटली, चंडोल आभाळात एका जागी थांबून गायला लागले, त्या सुमाराला एका सकाळी तुम्ही मला उठवायला आलात तर कपाळावर विभूतीची बोटं होती.

"कधी सुरू केलीत?"

"आज."

"कसं जमलं?"

"जमलं." आणि चपला सरळ करायला निघून गेलात.

म्हणून तर मी विचारत होते, अक्का. माझ्या बाबतीत काय घडलं हे थोडंफार समजत होतं. गोळ्या होत्या, चालणं होतं, ऊन होतं, टिटवी होती. पण तुमच्या बाबतीत काय घडलं? तुम्ही तर गोळीही घेत नव्हतात. टेकाडामागे जाऊन तुम्ही ध्यान करता असं मी ठरवून टाकलं. शाळा सुरू झाल्यावर मी सोलापूरला परतले आणि सुट्टीच्या दिवशी होटगीला येत राहिले. दर खेपेला हा विषय निघायचा. मी म्हणायची, माळ हीच तुमची पूजा झाली. तुम्ही म्हणायचात, पूजा ती पूजा, माळ तो माळ. मी म्हणायची, मग तिथं करता काय? तुम्ही म्हणायचात, हवा खाते.

गेल्या दिवाळीनंतर तुमचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, यकृतात गाठ निघाली आणि ती पसरलेली होती. मी तुम्हाला माझ्याकडे आणलं. औषधोपचार सुरू केले. अंगात त्राण राहिलं नाही, तोंडाची चव गेली, आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, "सुनंदा, आता बास. मला माळावर न्ये."

तेव्हा मी तुमच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून. "माळानं गाठ विरघळत नाही, अक्का. माळ तुम्हाला बरं करणार नाही."

तुम्ही चिडला नाहीत. उशीवर डोकं टेकून म्हणालात, "मला म्हाईत हाय की. बरं व्हायला कोन जातंय? बरं वाटायला जायचंय."

मी म्हणाले, ते एकच नाही का? तुम्ही म्हणालात, न्हाय. मी म्हणाले, मग फरक काय? तुम्हाला ग्लानी आली आणि ते तिथंच राहिलं. अजूनही मी त्या दोन शब्दांपाशी अडकते. तुमच्या घरी राहून मी बरी झाले होते की मला बरं वाटायला लागलं होतं? मल्लिनाथ नसल्याचं दुःख आहे तिथंच आहे. तरी मी हसते, शिकवते, जेवते. याला काय म्हणायचं, हे विचारायला आता तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?

डॉक्टरही शेवटी म्हणाले, घेऊन जा त्यांना, जे आवडतं ते करू दे. मी तुम्हाला होटगीला आणलं आणि रिक्षा ठरवली. रिक्षा रुळापलीकडे बांधापर्यंत गेली, पुढे रिक्षावाल्यानं आणि मी तुम्हाला घरून आणलेल्या खुर्चीत बसवून उचललं. तुमचं वजन काहीच उरलं नव्हतं. तुम्ही टेकाडामागे चला म्हणालात. खुर्ची उतारावर नीट बसेना, मी खाली दगड लावला. मग तुम्ही म्हणालात, "आता तू जा. बाभळीखाली बस जा."

"एकटं कसं ठेवू तुम्हाला?"

"एकटी कुटं हाय? जा तू."

मी गेले. तिथून मला टेकाडाच्या माथ्यावर फक्त तुमचा एक हात दिसत होता. तो मधूनच वर यायचा, हलायचा, पुन्हा खाली जायचा. जसा बोलताना हलतो तसा. मी ते बघितलं होतं, अक्का. तरी कळलं नाही.

त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत. होटगीच्या घरातच, सकाळी, शांतपणे गेलात. रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. मठाच्या स्वामींनी तुमची बोटं त्यावर मिटली. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते, आणि कुणाला सांगू नये असा विचार डोक्यात आला. आता तळहातावर कोण दिसत असेल यांना?

परवा मी एकटीच माळावर गेले. जाऊन बाभळीखाली बसले. मेंढरं घेऊन एक बाई येत होती. धनगराची, वयानं तुमच्याएवढी. लांबून तिला कैकदा बघितलं होतं, बोलले कधी नव्हते. ती जवळ आली, थांबली.

"गिरणीवाल्या बाई कुटं हायत? लई दिवस दिसल्या न्हाईत."

मी सांगितलं. ती काठी आडवी ठेवून खाली बसली. मेंढरं चरत पुढे गेली तरी तिनं हाक दिली नाही. नाव कोंडाबाई, असं नंतर सांगितलं.

"भाऊ बी गेला, आता त्या बी गेल्या," ती म्हणाली. "तुमी त्याची मालकीण न्हवं?"

मी चपापले. "तुम्हाला कसं माहीत?"

"न्हाय म्हाईत व्हायला काय झालं? रोज भांडायच्या की त्याच्यासंगट, त्या टेकाडामागं. पयल्यांदा मला वाटलं, खाली खरंच कोन तरी बसलंय. बघितलं तर कोन बी न्हाय."

"कुणाशी भांडायच्या?"

"भावासंगट. कानडीत. आमाला येतंय की कानडी. म्हनायच्या, दुखत हुतं तर बोलला का न्हाईस? तुला अंगाखांद्यावर खेळवलं, मला एका शब्दानं सांगावं वाटलं न्हाय? शिव्या बी द्यायच्या. त्या मी न्हाय सांगत तुमाला." ती जराशी हसली. "मग रडायच्या, लई. रडून झालं की पदरानं तोंड पुसायच्या आन् गप सांगत बसायच्या, घरचं मानूस परगावी असल्यावर आपन फोनवर सांगतो की न्हाय, तसं. तुमचंच असायचं समदं."

"माझं काय?"

"आज तिनं अख्खी भाकरी खाल्ली. आज तिला झोप लागली. आज आपल्या हातानं केस इंचरले तिनं, तू काळजी करू नगंस. असं."

कोंडाबाई उठली, मेंढरांमागे गेली. मी रडले, अक्का. बाभळीखाली, चांगली मोठ्यानं. मल्लिनाथ गेल्यावर जे आलं नव्हतं ते सगळं आलं, आणि त्यात तुमचं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे मला निवडता आलं नाही.

तर हे उत्तर. पण तुम्ही मला ओळखता. एका उत्तरानं माझं भागत नाही. तुम्ही घरात का भांडला नाहीत? मी आत झोपलेली असायची म्हणून? की भिंतींना ऐकू जातं आणि माळाला जात नाही म्हणून? की उलटं, माळालाच ऐकू जातं म्हणून? ते तुम्हाला उत्तर द्यायचे का? भांडण संपल्यावर पूजा सुरू झाली, की पूजा सुरू झाल्यावरही भांडत होतात? आणि खुर्चीत बसून त्या शेवटच्या दिवशी तुम्ही काय बोललात? उठायच्या आधी मी कोंडाबाईला ते विचारलं होतं. त्या दिवशी ती मेंढरं घेऊन दुसऱ्या अंगाला गेली होती. म्हणजे ते आता कुणालाच ठाऊक नाही. आश्चर्य म्हणजे याचा मला त्रास होत नाही. ते तुम्हा बहीणभावांचं.

आभार तुम्ही मला कधी मानू दिले नाहीत. "परक्यावानी बोलू नगंस," म्हणायचात. म्हणून आताही मानत नाही.

डोळे पुसून मी टेकाडावर चढले आणि पलीकडे उतरले. इतकी वर्षं तिथं येऊन मी त्या बाजूला कधी बसले नव्हते. काहीही विशेष नाही तिथं. उतार आहे, गवत आहे, लांबवर तळ्याचं पाणी चमकतं. मी बसले. बोलायला तोंड उघडलं तर लाज वाटली. आजूबाजूला कुणी नसूनही. मग तुमच्या भाषेतलं मला न चुकता येणारं एकच वाक्य आठवलं. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच ओट्यावर बसवून घोकून घेतलं होतं, येईल त्याला जेवलात का म्हणून विचारायला. तेच म्हणाले.

"ऊटा आतेन्री, अक्का?"

वारा होता. चंडोल गात होता. मी जरा थांबले, माणूस उत्तराला थांबतं तेवढी. मग मांडी घालून नीट बसले आणि सांगायला लागले. अमृतानं मुलगा पसंत केलाय, अक्का. स्वतःच. आपल्यातला नाही. तुमच्या दुखण्यात मी मुद्दामच बोलले नाही. आता चिडायचं तर चिडा, पण आधी सगळं ऐकून घ्या.